संतोष कोणाचा?

"बाबा, हा संतोष कोण?"

आमच्या चिरंजीवांचा हा प्रश्न २०२३ च्या फेब्रुवारीतला. संतोष ट्रॉफीचे उपांत्य सामने आणि अंतिम सामना आपल्या रियाधला होणार, ही बातमी मी रात्री जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितली होती. चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. त्या जानेवारीत रोनाल्डो अल नस्रकडून खेळायला लागला होता आणि तेव्हापासून पिवळा, सात नंबरचा शर्ट आमच्या घरात फक्त धुण्यापुरता अंगावरून उतरायचा. रोनाल्डोच्या शहरात संतोष नावाची ट्रॉफी येणार, हे काही त्यांच्या पचनी पडेना. सौ. म्हणाली, "आमच्या गल्लीत एक संतोष होता. पण तो क्रिकेट खेळायचा."

मला उत्तर अर्धवट ठाऊक होतं, बाकीचं शोधून काढलं. हा संतोष माणूस नव्हे, गाव आहे. टांगाईलजवळचं. तिथले जमीनदार महाराजा सर मन्मथनाथ रायचौधरी हे इंडियन फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष होते. नावात 'इंडियन' असलं तरी ही संस्था बंगालची. मन्मथनाथ १९३९ मध्ये वारले आणि संस्थेने त्यांच्या स्मरणार्थ १९४१ मध्ये प्रांताप्रांतांच्या संघांसाठी ही ट्रॉफी ठेवली. पहिल्या अंतिम सामन्यात बंगालने दिल्लीला ५-१ असं लोळवलं. पुढे सहाच वर्षांत फाळणी झाली. संतोष गाव तेव्हा पूर्व पाकिस्तानात गेलं आणि आता ते बांगलादेशात आहे. राष्ट्रीय एकात्मतेची स्पर्धा म्हणून जिचा गौरव होतो, तिच्या नावाचं गाव आज त्या राष्ट्रातच नाही.

हे सगळं ऐकून चिरंजीवांनी विचारलं, "मग बांगलादेशची टीम पण येणार का?"

मंडळी, आपल्या स्मरणिकेत सहसा पुस्तकाचं, नाटकाचं, फार तर एखाद्या गाण्याच्या मैफलीचं परीक्षण येतं. यंदा मी एका फुटबॉल स्पर्धेचं परीक्षण करायला बसलोय. त्या संध्याकाळपासून ते मनात घोळतंय, आणि त्यात थोडी तक्रार आहे, स्पर्धेबद्दल आणि आपल्याबद्दलही.

आधी माझी पात्रता सांगतो. मी कोल्हापूरचा. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने चालतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. नावं कुस्तीची आणि खेळ फुटबॉलचा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर मुंगी शिरायला जागा नसते. दोन्हीकडचे पाठीराखे वेगवेगळे बसतात, नाही बसले तर पोलीस बसवतात. शिव्या, हलगी, फटाके आणि कधीकधी दगडसुद्धा. तिथे एकात्मतेचं नाव कोणी काढत नाही. पण पेठेच्या संघात बाहेरगावचा पोरगा आला, पुढे तर आफ्रिकेतले खेळाडूही आले, की महिन्याभरात तो पेठेचा होतो. तालमीच्या कट्ट्यावर त्याच्यासाठी चहा येतो. फुटबॉलमधली एकी कशी होते, हे मी तिथे पाहिलंय. त्यामुळे व्यासपीठावरून कोणी खेळ आणि एकात्मता असं बोलायला लागलं की माझे कान टवकारतात. हा माणूस कधी गर्दीत उभा राहिलाय का, असा प्रश्न पडतो.

आता रियाधच्या प्रयोगाबद्दल. भारताच्या फुटबॉल महासंघाने सौदी महासंघाशी करार केला आणि संतोष ट्रॉफीचे शेवटचे सामने प्रथमच देशाबाहेर आणले. कल्पना कागदावर छान. इथे लाखो भारतीय, त्यातले फुटबॉलवेडे कितीतरी, मग मैदान भरायला कितीसा वेळ? चूक अशी झाली की सामने कुठे होणार हे आधी ठरलं आणि कोण येणार हे नंतर. बारा संघांचे साखळी सामने भुवनेश्वरला झाले. तिथून रियाधचं विमान मिळालं ते पंजाब, कर्नाटक, मेघालय आणि सर्व्हिसेसला. केरळ बाहेर, बंगाल बाहेर. गोवा आणि महाराष्ट्रही बाहेर. सौदीतल्या भारतीय वस्त्यांमध्ये फुटबॉलसाठी रात्र जागवणारा माणूस बहुतेक वेळा मल्याळी असतो, आणि नेमका त्याचाच संघ घरी बसला. सर्व्हिसेस म्हणजे सैन्यदलांचा संघ. उत्तम खेळतात, शिस्त वाखाणण्यासारखी, पण त्यांची पेठ कुठली? संपूर्ण भारत ज्याची पेठ, त्याच्यासाठी घसा फोडायला नेमकं कोण येणार? एकात्मतेचा खराखुरा नमुना असलेल्या या संघालाच पाठीराखे सर्वांत कमी, हे मला या स्पर्धेचं मोठं कोडं वाटतं. रेल्वेच्या संघाचंही तेच.

४ मार्चला शनिवार होता, म्हणजे इथे सुट्टी. आम्ही चौघे आणि आमचा मल्याळी शेजारी असे एका गाडीतून निघालो. किंग फहद स्टेडियमचं ते तंबूंसारखं पांढरं छप्पर आम्ही हमरस्त्यावरून येता-जाता बघायचो. सौ. आत जाण्याची ही पहिलीच वेळ. या देशात बायकांना स्टेडियममध्ये प्रवेश मिळायला लागला तो २०१८ पासून, आणि त्यानंतरही आमच्या संसारात ते राहूनच गेलं होतं. ती आणि कन्यारत्न दोघी अशा नटून आल्या होत्या की जणू हळदीकुंकवाला निघाल्यात. आत गेल्यावर मात्र चौघांचेही चेहरे जरा उतरले. अडुसष्ट हजारांच्या आसपास माणूस मावेल असं मैदान, आणि डोळ्यांत भरत होत्या त्या रिकाम्या खुर्च्या. आपल्याकडे नाटकाला पुढच्या चार रांगा भरल्या आणि मागे अंधार असला की नट जसे मुद्दाम मोठ्याने बोलतात, तसं लाऊडस्पीकरवाला मोठ्याने बोलत होता.

सामना मात्र झकास झाला, आणि हे मी परीक्षक म्हणून ठासून सांगतो. कर्नाटक विरुद्ध मेघालय. मेघालय या स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत. आम्ही नीट बसतोय न बसतोय तोच कर्नाटकच्या सुनील कुमारने गोल केला. मेघालयच्या ब्रोलिंग्टन वारलारपिहने पेनल्टीवर लगेच फेडला. मग बेके ओरामचा गोल, आणि मध्यंतराच्या जरा आधी रॉबिन यादवची फ्री किक अशी आत गेली की आमचा मल्याळी शेजारी खुर्चीवर उभा राहिला. मध्यंतरानंतर मेघालयच्या शीन सोहटुंगने एक गोल कमी केला आणि शेवटचा अर्धा तास आम्ही नखं खाल्ली. ३-२. कर्नाटक जिंकलं. त्यांचं यापूर्वीचं विजेतेपद १९६८-६९ चं, तेही म्हैसूर या नावाने. म्हणजे तब्बल चौपन्न वर्षांनी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सौ. टाळ्या वाजवत नाहीये.

इथे थोडं घरगुती सांगायला हवं. सौ. बेळगावची. तिचं माहेर सीमाप्रश्नात मुरलेलं. सासरे दरवर्षी १ नोव्हेंबरला काळी फीत लावून सायकल फेरीला जायचे, अजूनही गुडघे साथ देतील तितकं जातात. त्या घरात कर्नाटक हा शब्द खेळाच्या संदर्भात उच्चारलेला तिने कधी ऐकला नव्हता. पहिल्या तिन्ही गोलांना ती आम्हा सगळ्यांबरोबर ओरडली होती, चांगला गोल झाला की माणूस ओरडतोच. पण करंडक वर उचलला गेला, लाऊडस्पीकरवर 'कर्नाटका' असा गजर झाला, आणि तिचे हात मांडीवरच राहिले. कन्या तिला हलवून म्हणत होती, "आई, तुझंच राज्य ना गं?" सौ. हसली. काही बोलली नाही.

माझं परीक्षण खरं तर त्या क्षणापाशी सुरू होतं. राज्यवार संघांची स्पर्धा म्हटली की राज्याचा नकाशा आलाच, आणि नकाशा सगळ्यांना सारखा गोड लागत नाही. स्पर्धा सुरू झाली तेव्हा ब्रिटिशांचे प्रांत होते आणि संस्थानं होती. म्हैसूर संस्थानाचा संघ स्वातंत्र्याआधीच ही ट्रॉफी जिंकून बसला होता. १९५६ मध्ये राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा आपल्याकडे आला. तरी हैदराबादचा फुटबॉल संघ टिकला आणि त्याने १९५६-५७ व १९५७-५८ अशी दोनदा ट्रॉफी नेली. राज्य गेलं तरी संघ जिंकतोय! मुंबईचा संघ १९५४-५५ मध्ये 'बॉम्बे' म्हणून जिंकला, आणि १९६३-६४ मध्ये 'महाराष्ट्र' म्हणून. मधल्या काळात काय काय झालं आणि किती रक्त सांडलं, ते आपल्याला सांगायला नको. करंडकाच्या तळाशी कोरलेली नावं वाचत गेलं तर भारताच्या नकाशावरची भांडणंसुद्धा वाचता येतात. एकात्मतेच्या भाषणात यातलं काही येत नाही. आलं असतं तर सौ.च्या हातांना काय झालं, हे निदान कोणाला तरी कळलं असतं.

पण दुसरी बाजूही मला त्याच मैदानावर दिसली. ज्यांनी गोल केले ती नावं पुन्हा वाचा. सुनील कुमार, ओराम, यादव. कर्नाटकचा संघ, आणि आडनावांवरून राज्य ओळखा म्हटलं तर बक्षीस लावावं लागेल. यात नवल वाटायला नको. मुंबईच्या संघाचं तरी काय? मुंबईचा फुटबॉल पोसला तो टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र अशा कंपन्यांच्या संघांनी. गोव्याची, केरळची, हैदराबादची, बंगालची पोरं तिथे नोकरीला लागायची आणि मग राज्याच्या संघात दिसायची. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा, पण मूळचा गोव्याचा, आणि गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे! राज्याचा संघ म्हणजे त्या राज्यात पोट भरायला आलेल्यांचाही संघ. इतकी वर्षं इकामा खिशात घालून फिरणाऱ्या मला हे आधी सुचायला हवं होतं. ते दुसऱ्याच राज्याच्या विजयात सुचलं.

परतीच्या वाटेवर गाडीत मल्याळी शेजाऱ्याने माझी चांगलीच फजिती केली. तो पालक्काडचा. म्हणाला, "तुम्ही महाराष्ट्रवाले मला आवडत नाही." का रे बाबा? तर १९९०-९१ च्या मोसमात अंतिम सामना त्याच्या गावात, पालक्काडला झाला, आणि महाराष्ट्राने केरळला १-० हरवलं. तो तेव्हा शाळेत होता आणि दोन दिवस जेवला नव्हता म्हणे. बरं, तेवढ्यावर भागलं नाही. १९९९-२००० मध्ये पुन्हा केरळातच, त्रिचूरला, पुन्हा महाराष्ट्र, यावेळी ३-२. सामन्यातला एकेक गोल त्याने मला स्टिअरिंगवरचे हात सोडून दाखवला. आणि मी, कोल्हापूरचा फुटबॉलवाला, यातलं मला काहीही आठवत नव्हतं. त्या दोन्ही वेळी मी महाराष्ट्रातच होतो. आपण जिंकलो आणि आपल्यालाच पत्ता नाही. हरलेला माणूस ती हार बत्तीस वर्षं जपून बसलाय!

म्हणून तक्रारीचा दुसरा भाग आपल्याबद्दल. आपल्या मंडळात दरवर्षी क्रिकेट होतं, बॅडमिंटन होतं, बायकांची संगीतखुर्ची होते. फुटबॉलचं नाव काढलं की "ते मल्याळ्यांचं" असं म्हणून विषय संपतो. महाराष्ट्राने ही ट्रॉफी चार वेळा जिंकली आणि गोव्याने पाच वेळा, पैकी १९८२-८३ ची बंगालबरोबर वाटून. त्या वेळी कलकत्त्यात निकालच लागेना, गोल कोणाचाच होईना, शेवटी दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. गोव्याचा गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर, पुढे भारताचा कर्णधार, २०२२ मध्ये पद्मश्री. आपल्या मंडळात गोव्याची इतकी कुटुंबं आहेत. गणपतीत त्यांची भजनं होतात, पण ब्रह्मानंदचं नाव आमच्या मुलांच्या कानावर एकदाही पडलेलं नाही. रोनाल्डोच्या आईचं नाव मात्र त्यांना माहीत आहे.

स्पर्धेच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर परीक्षण एकांगी व्हायचं. पूर्वी देशातले बडे खेळाडू संतोष ट्रॉफी खेळायचे. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली, २०१४ मध्ये आयएसएल आली, आणि नावाजलेले खेळाडू क्लबांकडे गेले. ट्रॉफी उरली ती नोकरीच्या किंवा मोठ्या क्लबच्या शोधातल्या पोरांसाठी. यावर जुने लोक हळहळतात. मला तितकं वाईट वाटत नाही. २००२-०३ मध्ये मणिपूर जिंकलं, २०१४ मध्ये मिझोराम, २०२३ मध्ये मेघालय अंतिम फेरीपर्यंत आलं. एरवी टीव्हीच्या बातम्यांत ही राज्यं फक्त पुराच्या नाहीतर दंगलीच्या वेळी दिसतात. आमच्या चिरंजीवांना शिलाँग कुठे आहे हे भूगोलाच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं, ते त्या पेनल्टीने शिकवलं. घरी आल्याबरोबर त्यांनी नकाशा काढला. रियाध प्रयोगात माझ्या मते एवढीच गोष्ट पैकीच्या पैकी गुण मिळवते, आणि आयोजकांनी ती ठरवून केली होती असं म्हणवत नाही.

अंतिम सामना पुन्हा भारतात गेला हे बरंच झालं. २०२४ च्या ३१ डिसेंबरला हैदराबादला बंगालने केरळला १-० हरवून तेहतिसाव्यांदा ट्रॉफी नेली. शेजाऱ्याने त्या रात्री नववर्षाचा केकसुद्धा कापला नाही. मी त्याच्या घरी बसून सामना पाहिला आणि या वेळी गोल कोणाचा झाला ते लक्षात ठेवलं. रॉबी हंसदा. अगदी शेवटच्या क्षणी.

आता त्या मार्चच्या रात्रीचं एक राहिलं. घरी पोचल्यावर सौ.ने बेळगावला फोन लावला. एरवी ती स्पीकर लावते, त्या दिवशी लावला नाही. खूप वेळ इकडचं तिकडचं झालं, आईचा रक्तदाब, भाचीची परीक्षा. मग हळूच म्हणाली, "आप्पा, आज आम्ही मॅच बघायला गेलो होतो. कर्नाटक जिंकलं." पलीकडे बराच वेळ शांतता असावी, कारण ती नुसतीच भिंतीकडे बघत होती. मग तिने फोन माझ्याकडे दिला.

"काय जावईबापू," सासरे म्हणाले, "त्यांच्यात आपल्या बेळगावचा कोण होता काय?"

मी म्हटलं, बघून सांगतो आप्पा. रात्री संघाची यादी शोधून काढली आणि त्यांच्या मोबाईलवर पाठवली. यादीत नावं होती, गावं नव्हती. सकाळी त्यांचा निरोप आला होता : सगळी नावं वाचली, दोघांबद्दल शंका आहे, चौकशी करतो.